पंखा बंद स्थितीत

दारूखान्याच्या मागच्या गल्लीत, रात्री दोन चाळीसला
मी बुटाची नाडी सोडायला उंबऱ्यापाशी वाकले.
पालांडे साहेब म्हणाले, "घरत, देवळात आलीस का?"
नाडी पुन्हा बांधली. बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, रबर लावून.

दहा बाय बारा. एक शिलाई मशीन, एक मोरी,
भिंतीला टेकलेली मयत, नाव विमल खरटमल,
वय अंदाजे सत्तेचाळीस, धंदा फॉल-बीडिंग.
मांडीवर कुणाचीतरी मोरपंखी साडी,
फॉल निम्म्यापर्यंत आलेला,
सुई कापडात टोचून ठेवलेली
जशी आपण दार वाजलं की ठेवतो.

आणि वर पंखा, पाचावर,
भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडवत.

मी तो बंद केला.
कोपराने. हातमोजे होते तरी कोपराने,
इतकं शिक्षण झालं होतं.

बाकीचं सगळं नीट केलं.
फरशीवरचं कापसाने टिपलं, कापूस सावलीत वाळवला.
ओला बांधला तर कुजतो, कलिन्याची लॅब परत पाठवते.
ट्रॉम्बेला आई वलांडीवर बोंबील घालायची,
कडक उन्हात, कावळ्यांना शिव्या देत.
बोंबील उन्हात, रक्त सावलीत.
नोकरीने शिकवलेलं हे
मला घरी जेवताना कधी सांगता आलं नाही.

तपकिरी कागद, दोरा, लाख.
पंच दोघं : इस्त्रीवाले रामसजीवन, ज्यांनी वाचलंच नाही,
आणि भंगारवाल्या अन्सारींचा थोरला, बारावी नापास,
जो ओठ हलवत ओळन् ओळ वाचत होता.
तो थांबला.
"पंखा बंद स्थितीत," बोट ठेवून म्हणाला,
"पण मॅडम, मी दारातून पाहिलं, कॅलेंडर हलत होतं."

लाख थेंबथेंब गळत होती. कुणी काही बोललं नाही.
रक्ताच्या कडा किती सुकल्या यावरून वेळ काढतात,
आणि कडा वाऱ्याचं ऐकतात.
मी म्हटलं, "साहेब, मी बंद केला."
त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.
ओळ खोडली. शेजारी चौघांच्या सह्या.

चार वर्षांनी शिवडी कोर्टात
बचावाचे वकील त्या खोडलेल्या ओळीवर
पाऊण तास बसले, गुळावरच्या माशीसारखे.
"का बंद केलात?"

खरं उत्तर होतं माझ्याकडे.
आई म्हणायची, माणूस नसलेल्या खोलीत
पंखा फिरवू नये, बिल येतं.
मी आत पाऊल टाकलं, बघितलं,
आणि माझ्या कोपराने ठरवून टाकलं
की इथे माणूस नाही.
डॉक्टरांच्या आधी. पंचांच्या आधी.
माझ्याही आधी.

समोर तिचा भाऊ बसला होता, सोलापूरहून आलेला,
शर्टाच्या खिशात परतीचं तिकीट दिसत होतं.
मी म्हटलं, "सवयीने."
न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "सवयीने."
"एवढंच, साहेब?"
"एवढंच."

साडी अजून मुद्देमाल खोलीत आहे.
जिची होती ती बाई दोनदा येऊन गेली,
भाचीचं लग्न होतं म्हणाली. मग आली नाही.
परवा मोजणीत ते पाकीट माझ्याच हाती आलं.
लाख शाबूत, लेबल पिवळं,
आणि कागदातून सुईचं टोक बोटाला लागलं.

रक्त आलं नाही.
तरी खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून
मी पाकीट दोनदा पाहिलं,
माझं काही त्यात गेलं तर नाही ना.